हवेलीच्या बाकड्यावरून: घर महिन्याभरात विकायचं असेल तर

पुण्यात जुना फ्लॅट विकायला काढला की गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची येतात. एक कर्ज काढून घेणारी, दुसरी पदरच्या पैशानं घेणारी. एजंट या दुसऱ्यांना ‘कॅश पार्टी’ म्हणतात, आणि ते ऐकलं की घरमालक निम्मा पाघळतो. मी हवेलीच्या, म्हणजे पुण्याच्याच तालुक्याच्या, दुय्यम निबंधक कार्यालयांत दस्त नोंदणीची कामं करते. पक्षकारांचे कागद जुळवायचे, ऑनलाइन माहिती भरायची, चलन काढायचं आणि नंबर लागेपर्यंत त्यांच्याबरोबर बाकड्यावर बसायचं. त्या बाकड्यावर बसून जे कळलं ते एवढंच, की कॅश पार्टीमुळे फक्त बँकेचा वेळ वाचतो. म्हणजे कर्जमंजुरी, बँकेच्या वकिलाचा अहवाल, व्हॅल्युएशन, चेक निघणं, असे तीन आठवडे ते दीड महिना. बाकीचा उशीर आपल्याच कपाटातल्या कागदांमुळे होतो आणि तिथे गिऱ्हाईक कितीही पैसेवालं असलं तरी काही करू शकत नाही.

म्हणून जाहिरात टाकायच्या आधी कपाट उघडा. तुमच्या नावाचा मूळ नोंदणीकृत करारनामा, त्याची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा. तुम्ही रिसेलमध्ये घेतला असेल तर आधीच्या मालकांचे बिल्डरपर्यंतचे सगळे करार. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मागच्या बाजूला तुमचं नाव चढलेलं. महापालिकेची चालू वर्षाची कर पावती, लाईट बिल, सोसायटीचं नो ड्यूज, इमारतीचं भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला. १० डिसेंबर १९८५च्या आधीचा करार असेल तर तो किरकोळ स्टॅम्पवर असतो. त्या तारखेच्या आधी ताब्याच्या करारावर पूर्ण मुद्रांक शुल्क नव्हतंच, त्यामुळे घाबरू नका. मात्र त्यानंतरचा करार कमी स्टॅम्पवर सापडला तर आधी वकिलाला दाखवा. गिऱ्हाइकाच्या वकिलाच्या नजरेला ते पहिल्या दहा मिनिटांत येतंच, आणि मग भाव पडतो.

मुलाबाळांनी विकायला काढलेल्या घरांत सगळ्यात जास्त खोटी होते ती वारसांच्या पायी. वडील गेले, नॉमिनी म्हणून आईचं नाव सोसायटीनं सर्टिफिकेटवर चढवलं, आता आईनं सही केली की झालं, अशी समजूत घेऊन लोक येतात. तसं होत नाही. नॉमिनी मालक नसतो, तो वारसांच्या वतीनं सांभाळणारा असतो. मृत्युपत्र नसेल तर आई आणि सगळी मुलं, लग्न झालेल्या मुलींसकट, हिस्सेदार. सगळ्यांनी खरेदीखतावर विकणारे म्हणून सह्या करायच्या, किंवा बाकीच्यांनी एकाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी करून द्यायचं. घाईत असाल तर मला पहिला मार्ग बरा वाटतो. एकच दस्त, एकच दिवस, आणि पैसे ज्याचे त्याच्या खात्यात. बहिणीच्या हिश्शावरून पुढे दहा वर्षं बोलाचाली होत नाहीत हा वरचा फायदा.

एखादी बहीण टोरांटोत किंवा सिडनीत असेल तर तिचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी, लागेल. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यायचं आणि मूळ कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं. स्कॅन करून व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दुय्यम निबंधकासमोर चालत नाही. हा कागद यायला कुरियर धरून सहज दोन-तीन आठवडे जातात. तेव्हा गिऱ्हाईक शोधायच्या आधी हा फोन करा. शिवाय विकणारा अनिवासी भारतीय असेल तर त्याच्या हिश्शातून नेहमीचा एक टक्का नव्हे, साडेबारा टक्के आणि वर अधिभार-उपकर असा टीडीएस, म्हणजे घेणाऱ्यानं पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापला जातो, आणि तो बहुतेक वेळा पूर्ण रकमेवर कापतात. कमी कापून घ्यायचा तर आयकर खात्याकडून आधी दाखला आणावा लागतो, त्यालाही वेळ लागतो.

घरावर कर्ज बाकी असेल तर बँकेकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज पुरतं फेडायला किती लागतील ते पत्र, आणि बँकेकडे असलेल्या कागदांची यादी मागा. गिऱ्हाईक परस्पर बँकेच्या कर्जखात्यात पैसे भरेल आणि उरलेले तुम्हाला देईल, असं करारात लिहिता येतं. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि त्यानंतर दर दिवसाच्या उशिराला ५ हजार रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बँकेच्या खिडकीवर तो नम्रपणे उच्चारून बघा. फायली लवकर सापडतात.

सोसायटीबद्दल थोडक्यात. फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी सक्तीची नाही, पंधरा दिवस आधी लेखी कळवायचं असतं. ट्रान्स्फर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार. बिल्डिंग फंडाला ‘स्वेच्छेनं’ लाखभर द्या म्हणणारे सेक्रेटरी अजून आहेत. त्यांना तो आकडा लिहून मागा. लिहून कोणी देत नाही.

आता भाव. त्याआधी एक प्रश्न, इमारत तीस-पस्तीस वर्षांची असेल तर हमखास विचारायचा: रिडेव्हलपमेंटचं काय चाललंय? कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर भागात लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारतीतल्या वन बीएचकेला अचानक रोखठोक गिऱ्हाईक येतं ते तुमच्या स्वयंपाकघरातल्या नव्या ओट्यावर खूश होऊन नव्हे. सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखालची पुनर्विकासाची सभा झाली का, आर्किटेक्ट नेमला का, निविदा मागवल्या का, हे त्याला तुमच्याआधी ठाऊक असतं. ५१ टक्के सभासद हो म्हणाले की प्रस्ताव पुढे जातो. मुलाकडे बंगळुरूला राहायला गेलेल्या एका काकांना मागच्या वर्षभरातल्या एकाही सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त माहीत नव्हतं, कारण नोटिसा पुण्याच्या बंद दाराखालून आत सरकवल्या जात होत्या. मी त्यांना करार आठ दिवस थांबवायला लावला आणि सेक्रेटरीकडून इतिवृत्तं मागवली. तीन बिल्डरांच्या निविदा आल्या होत्या. काकांनी घर विकलंच, त्यांना थांबायचं नव्हतं, पण पहिल्या आकड्याला नाही.

कॅश पार्टी सवलत मागणारच, आणि थोडी द्यायला हरकत नाही. किती, ते घरावर आहे. घर रिकामं, कागद स्वच्छ, भोगवटा पत्र हातात, अशा फ्लॅटला बँका कर्ज देतातच, म्हणजे गिऱ्हाइकांची वाण नाही. तिथे बाजारभावाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त सोडू नये असं माझं मत आहे. महिनाभर थांबायला खर्च किती येतो ते मांडून बघा: मेंटेनन्स, कर, चालू कर्जाचं व्याज. ती बेरीज बहुतेक वेळा सवलतीच्या जवळपासही नसते. उलट भोगवटा पत्र नसलेली इमारत, गावठाणातलं बांधकाम, गुंठेवारीतलं, म्हणजे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचं घर, अशांना बँक दारातही उभी करत नाही. तिथे पदरचे पैसे घालणाराच गिऱ्हाईक असतो आणि सवलत मोठी द्यावी लागते. ते समजून द्या, कुरकुरत बसू नका.

पण भाव पाडताना खाली एक रेषा आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे आपलं रेडी रेकनर. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दर दिसतात, जुन्या इमारतीला घसारा मिळतो, हिशेब कुठल्याही दस्तलेखकाकडून अर्ध्या तासात करून मिळतो. समजा त्या हिशेबानं तुमच्या फ्लॅटचं मूल्य ७८ लाख आलं आणि कॅश पार्टी ७० लाखांवर अडून बसली. कायदा म्हणतो, सरकारी मूल्य करारातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांपर्यंत जास्त असलं तर चालेल. ७० लाखांवर दहा टक्के म्हणजे ७७ लाख. ७८ त्याच्या वर गेले. झालं, आता तुमचा भांडवली नफा ७० नव्हे, ७८ लाखांना विकलं असं धरून मोजणार. हातात न आलेल्या ८ लाखांवर तुम्ही कर भरणार. आणि गंमत म्हणजे घेणाऱ्यालाही तेच ८ लाख ‘इतर उत्पन्न’ म्हणून लागणार. तो तीस टक्क्यांच्या गटात असेल तर उपकर धरून अडीच लाखांच्या घरात.

आता तोच सौदा ७१ लाखांना करा. दहा टक्के वर म्हणजे ७८ लाख १० हजार. ७८ आत बसले. दोघंही सुटले. म्हणजे गिऱ्हाइकानं तुम्हाला एक लाख जास्त देऊन स्वतःचे दीड लाख वाचवले. हे गणित मी एकदा बाकड्यावर वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं तेव्हा घेणारा दोन मिनिटं गप्प बसला, मग त्यानं आपल्या सीएला फोन लावला आणि फोन ठेवल्यावर म्हणाला, “करा एकाहत्तर.” मुद्रांक शुल्क तर तसंही ७८ लाखांवरच लागतं, पुण्यात सात टक्के, म्हणजे ५ लाख ४६ हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. दस्त फक्त बाईच्या नावावर केला तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे. म्हणजे इथे ७८ हजार. घासाघीस अडली की हा मुद्दा काढा. बायकोच्या एकटीच्या नावावर घर घ्यायला कितीजण तयार होतात हा वेगळा विषय.

गिऱ्हाईक कुठून येतं? माझ्या डोळ्यांसमोर झालेल्या झटपट सौद्यांत चांगली गिऱ्हाइकं तीन-चार ठिकाणचीच. त्याच इमारतीतला शेजारी, ज्याला मुलासाठी भिंतीला भिंत लागून घर हवंय. नुकतंच आपलं घर विकलेला माणूस, ज्याला भांडवली नफ्यावरचा कर वाचवायला दोन वर्षांच्या आत दुसरं घर घ्यायचंय. अशाची मुदत संपत आली असेल तर तो तुमच्यापेक्षा घाईत असतो. निवृत्त होऊन फंड-ग्रॅच्युइटी हातात आलेलं जोडपं. आणि रिंग रोडला किंवा अशाच एखाद्या प्रकल्पाला जमीन गेलेला शेतकरी, मोबदला बँकेत जमा झालेला. ही माणसं एजंटच्या यादीत नसतात. म्हणून सोसायटीच्या फलकावर, वॉचमनच्या कानावर आणि जवळच्या बँकेतल्या ओळखीच्या माणसाकडे आधी सांगून ठेवा. ऑनलाइन जाहिरात टाकाल तर एक सांगते: न बघता टोकन पाठवतो म्हणणारा, लष्करात आहे म्हणून सांगणारा आणि क्यूआर कोड स्कॅन करा म्हणणारा, फोन ठेवा. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर अजिबात टाकावा लागत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. कॅश पार्टी म्हणवणाऱ्या काहींकडे पैसेच नसतात. ते दोन लाखांची इसार पावती, म्हणजे बयाण्याची पावती, करतात, चार-सहा महिन्यांची मुदत घालतात आणि तुमचं घर चढ्या भावानं विकायला स्वतः गिऱ्हाईक शोधत फिरतात. ते मिळालं तर खरेदीखत परस्पर त्याच्या नावे, फरक यांच्या खिशात. नाही मिळालं तर दोन लाख परत मागत भांडतात आणि तोवर तुमचं घर अडकून पडलेलं. याची खूण इसार पावतीतच असते: ‘लिहून घेणार यांच्या किंवा ते सांगतील त्या व्यक्तीच्या नावे खरेदीखत करून देण्याचे आहे.’ ‘किंवा’पासून ‘व्यक्तीच्या’पर्यंतचं खोडायला सांगा. खरं गिऱ्हाईक खोडतं. दुसरी खूण, तुमच्याकडून कुलमुखत्यारपत्र मागणं, ‘तुम्हाला सारखं यायला नको म्हणून’. देऊ नका. तिसरी गोष्ट खूण नाही, पडताळणी आहे: रक्कम कुठे आहे ते दाखवायला सांगा. एफडीची पावती, खात्यावरची शिल्लक, आधीच्या घराचा विक्रीदस्त, काहीही. आणि इसार पावतीवर मुदत ३० दिवस, इसार किमान दहा टक्के, मुदतीत खरेदीखत न झाल्यास किती रक्कम जप्त आणि किती दिवसांत बाकी परत, हे आकड्यांत लिहा. ‘परस्पर संमतीनं ठरेल’ असं लिहू नका. संमती असती तर पावतीची गरजच काय होती?

नोटांचं काय, हा प्रश्न लोक आवाज खाली करून विचारतात. उत्तर मी मोठ्यानं देते. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला. ठरावीक रकमेच्या वरचा प्रत्येक दस्त निबंधक कार्यालय आयकर खात्याला कळवतं. शिवाय त्या पिशवीतल्या पैशानं पुढचं घर घेता येत नाही, बँकेत भरता येत नाही, मुलाच्या शिक्षणाची फी भरता येत नाही. समोरचा दहा लाख ‘कॅश’ देतो तेव्हा तो आपली अडचण तुमच्या गळ्यात बांधत असतो.

नोंदणीच्या दिवशी गर्दी असते, सर्व्हर कधी चालतो कधी नाही, पाणी बरोबर न्या. दोन्ही बाजूंचं मूळ आधार आणि पॅन, ओळख पटवणारे दोन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसकट. वयस्कर माणसांच्या बोटांचे ठसे पुसट झालेले असतात. भांडी-धुणं केलेल्या आजींचा अंगठा यंत्र घेतच नाही, ऑपरेटर म्हणतो दुसरं बोट ठेवा, मग तिसरं. आदल्या दिवसापासून हाताला थोडं तेल किंवा क्रीम लावायला सांगते मी, फरक पडतो.

पण अंगठ्याच्या आधी पैसे. हा क्रम सोडू नका. खरेदीखत एकदा नोंदलं गेलं की पैसे मिळाले नाहीत एवढ्या कारणावरून विक्री आपोआप रद्द होत नाही. मग पैशासाठी दावा लावून तारखा खेळत बसायचं. म्हणून सकाळीच आरटीजीएस करायला सांगा. ते डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू असतं, तेव्हा ‘आज बँक बंद आहे’ ही सबब नाही. समोरच्याच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तुमच्या स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली पाहिजे आणि यूटीआर नंबर, म्हणजे बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, दस्तात लिहिला गेला पाहिजे. एकूण रकमेतून एक टक्का कमी आला तर भांडू नका. किंमत किंवा सरकारी मूल्य ५० लाख किंवा वर असलं की घेणाऱ्यानं टीडीएस कापायचा असतो, आणि तो दोन्हींत जे जास्त त्यावर. वरच्या उदाहरणात ७१ लाखांवर नाही, ७८ लाखांवर, म्हणजे ७८ हजार.

दस्त हातात आल्यावर किल्ली द्या, आणि ताबा पावतीवर त्या दिवसाचं मीटर रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या. सोसायटीचे ट्रान्स्फर फॉर्म त्याच बैठकीत सही करून टाका, नाहीतर महिन्यानं गिऱ्हाईक फोन करत बसतं.

भांडवली नफ्याचा हिशेब सीएकडून करून घ्या. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला साडेबारा टक्के सरळ किंवा महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्के, यातलं जे कमी ते. वारसानं आलेल्या २००१ च्या आधीच्या घराला १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन लागतं, ते नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घ्या. दुसरं घर घ्यायचं ठरलं नसेल तर सहा महिन्यांच्या आत सरकारी कंपन्यांचे करबचत रोखे घेता येतात, ५० लाखांपर्यंत, पाच वर्षांसाठी. घर घ्यायचंय पण विवरणपत्राच्या तारखेपर्यंत मिळालं नाही तर पैसे कॅपिटल गेन्स खात्यात ठेवा, साध्या बचत खात्यात नाही.

आणि घेणाऱ्यानं कापलेला तो टीडीएस त्यानं खरंच भरला का, हे दोनेक महिन्यांनी तुमच्या २६ एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याच्या पत्रकात, बघा. कापला त्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत तो भरायचा असतो. कॅश पार्टीला बँक विचारणारी नसते, त्यामुळे हे एवढं काम ती हमखास विसरते. दिसला नाही तर लगेच फोन करा. पॅन नंबर एका अक्षरानं चुकलेला असणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि तो दुरुस्त करायला गिऱ्हाइकाचीच सही लागते.